शेजारी नसलेली होडी

वादळाचा इशारा देऊन चौदा तास झाले होते. लोकांनी तो ऐकला होता, अगदी शब्द न् शब्द ऐकला होता, आणि नेमक्या त्याच कारणाने वृषाली सारंग पहाटेपासून खुर्चीवरून उठली नव्हती.

तिच्यासमोर भिंतभर पडद्यावर अरबी समुद्र पसरला होता. काल संध्याकाळी पाच वाजता त्यात साडेअकराशे हिरवे ठिपके होते. एकेक ठिपका म्हणजे एकेक मच्छीमार होडी. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, एक जूनपासून मासेमारीला बंदी, तेव्हा जो तो शेवटची फेरी मारून घेत होता. पाच वाजता किनारी वादळ केंद्राने ‘रुमान’ चक्रीवादळाचा इशारा दिला आणि ठिपके शहाण्या पोरांसारखे घराकडे वळले. रात्री बाराला चारशे राहिले, पहाटे चाळीस. आता सकाळचे सव्वासात झाले होते आणि सगळ्या समुद्रात मिळून एकच ठिपका उरला होता.

वीस वर्षांपूर्वी हे कोणी सांगितलं असतं तर हसू आलं असतं. तेव्हा इशारा आला की मच्छीमार आभाळाकडे बघायचे, एक विडी ओढायचे आणि जाळं टाकायचे. त्यांचंही काही चुकत नव्हतं. तेव्हाचा अंदाज म्हणजे नकाशावर काढलेला भलामोठा पंखा. त्याचं एक टोक कारवारला आणि दुसरं गुजरातेत. वादळ त्यातून कुठूनही आलं तरी अंदाज बरोबरच! अख्खी किनारपट्टी हलवायची, शाळांमधून चार दिवस खिचडी शिजवायची, आणि वादळ जायचं ओमानला. “वादाळ इला नाय, पण माजी कोंबडी गेली,” असं म्हणत म्हाताऱ्या परत घरी जायच्या.

टेहळ्या आला आणि हे सगळं बदललं. यंत्रणेचं सरकारी नाव सतरा अक्षरी होतं, पण पहिल्याच वर्षी कोणीतरी तिला टेहळ्या म्हटलं आणि तेच राहिलं. गेली तीन वादळं टेहळ्याने तीन दिवस आधी गावाच्या नावानिशी सांगितली होती. चूक किती, तर चार-पाच किलोमीटर. त्यानंतर सरकारनेही पंखा गुंडाळून ठेवला. नवा नियम झाला: एखाद्या गावाला धोका सत्तर टक्क्यांच्या वर गेला तरच ते गाव हलवायचं. खाली असेल तर उगाच लोकांना त्रास द्यायचा नाही.

त्या टेहळ्याची निम्मी करणी वृषालीची होती.

“वृषालीताई, आकडा?” मागून डॉ. निर्मळ्यांनी विचारलं. ते केंद्राचे संचालक. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, मनाने मऊ, आणि सगळ्या कागदांवर हिरव्या शाईने सही करणारे.

“खारवणे ते मुणगी, अठ्ठेचाळीस टक्के. रात्री दोनपासून तिथेच अडकलाय.”

“अठ्ठेचाळीस.” निर्मळे खुर्चीत बसले. “म्हणजे नाणं उडवा.”

अकरा वाजता जिल्हाधिकाऱ्यांची बैठक होती. वादळ आलंच तर उद्या पहाटे पाचच्या सुमाराला येणार होतं. खारवणे म्हणजे वाळूची एक जीभ, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये जेमतेम दोनशे पावलांची जमीन आणि तिच्यावर सहाशे घरं. बाहेर पडायला एक रस्ता आणि एक पूल. माणसं, म्हातारीकोतारी, गुरं हलवायला सोळा-सतरा तास हवेत. अकराला ‘हलवा’ म्हटलं तर जमणार होतं. दुपारी तीनला म्हटलं तर अर्धं गाव पुलावर सापडलं असतं.

वृषालीचा जन्म त्या सहाशे घरांपैकी एका घरातला होता.

आता हा आकडा अठ्ठेचाळीसवर का अडकला, ते समजून घ्यायला हवं.

चक्रीवादळ गरम पाण्यावर जगतं. समुद्राची वाफ वर चढते, तिच्यातली ऊब वादळाला मिळते, आणि ते आणखी वाफ ओढून घेतं. पण वादळ स्वतःच समुद्र घुसळतं आणि खालचं पाणी वर आणतं. खालचं पाणी थंड असेल, तर ते आपल्याच हाताने आपली चूल विझवतं. पाणी खोलवर गरम असेल, तर चूल पेटतीच राहते आणि बारा तासांत साधं वादळ राक्षस होऊन बसतं. उपग्रहाला यातलं फक्त वरचं दिसतं. त्याला समुद्राची कातडी दिसते, पोट दिसत नाही.

पुढची गोष्ट याहून नाजूक. कमकुवत वादळ बुटकं असतं आणि खालच्या वाऱ्यांबरोबर जातं. मे महिन्यात ते वारे वायव्येकडे, ओमानच्या दिशेने नेतात. ताकदवान वादळ बारा-चौदा किलोमीटर उंच वाढतं. त्याचा माथा वरच्या वाऱ्यांच्या हाती सापडतो, आणि ते वारे त्याला मान धरून ईशान्येला, म्हणजे कोकणाकडे वळवतात. थोडक्यात, खारवणे राहणार की जाणार हे समुद्राच्या पोटात साठ मीटरवर पाणी किती गरम आहे यावर ठरणार होतं.

ते मोजायचं कोणी? सरकारी तरंगती यंत्रं मोजकी, त्यातली निम्मी नादुरुस्त. नऊ वर्षांपूर्वी वृषालीच्या डोक्यात आलं की समुद्रात जाणारी हजारो माणसं आपल्या घरचीच आहेत. साठ मीटरची दोरी, तिच्यात मण्यांसारखे ओवलेले तापमापक, वर गुंडाळायला छोटी चक्री, आणि केबिनवर हवेचा दाब मोजणारी डबी. दिवसातून चार वेळा दोरी सोडायची, दहा मिनिटं ठेवायची, ओढून घ्यायची. मच्छीमारांनी तिचं नाव ठेवलं नाडी. टेहळ्या दर अर्ध्या तासाने सगळ्या नाड्या गोळा करायचा, त्यावरून समुद्र आणि हवा दोन हजार वेळा थोड्याथोड्या फरकाने पुढे चालवून बघायचा, आणि वादळ कितींदा कुठल्या गावावर आलं ते मोजायचा. दोन हजारांत चौदाशे वेळा आलं तर सत्तर टक्के.

नाडी होड्यांवर चढवली ती मात्र वृषालीने नव्हे, तिच्या धाकट्या भावाने. रोहिदासने. “जाळ्यात अडाकतली,” म्हणणाऱ्या एकेका होडीच्या तांडेलाला तो बंदरावर गाठायचा. “अरे, दर्याक ताप इलोसा काय ता बघूक नको? मी दर्याचो डॉक्टर,” असं म्हणून हसवायचा आणि हसता हसता चक्री ठोकून मोकळा व्हायचा. दोन वर्षांत त्याने आठशे होड्या केल्या. वृषालीला संशोधनाचं पारितोषिक मिळालं तेव्हा त्याने विचारलं होतं, “माका काय? एक टोपी तरी?” तिने टोपी पाठवली होती. केंद्राचं बोधचिन्ह असलेली, निळी.

टेहळ्याच्या सगळ्या चाचण्या पहिल्या दोन वर्षांच्या नोंदींवर झाल्या. उत्तम झाल्या. तेव्हा इशारा दिला तरी होड्या समुद्रातच असायच्या, कारण तेव्हा कोणी ऐकत नव्हतं. लोक ऐकायला लागले की समुद्र रिकामा होणार, आणि वादळ जवळ येईल तसतसा टेहळ्या आंधळा होत जाणार, हे एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. वृषालीच्याही नाही. आधीची तीन वादळं नशिबाने सरळ चालीची निघाली. रुमान तसं नव्हतं.

उरलेला तो एक ठिपका म्हणजे ‘रवळनाथ प्रसाद’. रोहिदासची होडी.

काल संध्याकाळी इशारा आला तेव्हाच त्याचं इंजिन बंद पडलं होतं. डिझेलच्या फिल्टरमध्ये कचरा. शेजारच्या होडीने ओढून न्यायची तयारी दाखवली. त्याने दोघा खलाशांना तिच्यावर चढवून दिलं आणि स्वतः होडीवर राहिला. “रातभरात करतंय. होडी सोडून येवक माका बापाशीन शिकवल्यान नाय,” असं त्याने वायरलेसवर सगळ्यांना ऐकवलं होतं. सकाळी साडेसातला इंजिन चालू झालं. पण तो किनाऱ्यापासून सत्तर किलोमीटरवर होता आणि समुद्र उचलायला लागला होता. ताशी नऊपेक्षा जास्त वेग मिळणार नव्हता.

वृषालीने हिशेब करून त्याला कळवला होता. आठ वाजता निघाला तर चारला खाडीत. सोसाट्याचे वारे त्याच्या वाटेवर पाचला पोचणार. हाताशी एक तास.

आठला दहा कमी असताना तिने त्याला लावलं.

“रोहिदास, निघालास का?”

“निघतंय. चाय पितंय.” मागे इंजिनची धडधड आणि पाण्याचे तडाखे ऐकू येत होते. “तुजो टेहळ्यो काय म्हणता?”

“अर्धं अर्धं.”

“अर्धा अर्धा म्हणजे काय गे? खारवण्याक हलवतले काय नाय?”

“सत्तरच्या वर गेला तर.”

“आणि नाय गेलो तर?”

वृषाली गप्प बसली. खोलीत निर्मळे होते, पडद्यापाशी दोन तंत्रज्ञ होते, सगळे ऐकत होते. केंद्राचा नियम स्पष्ट होता: इशारा दिल्यानंतर कोणत्याही मच्छीमाराला समुद्रात थांबायची विनंती करायची नाही. तो नियम तिनेच आग्रहाने घालून घेतला होता. ‘थांब’ म्हणायला बंदी होती. गप्प बसायला मात्र कुठेच बंदी नव्हती.

“बाय, हय पाणी गरम आसा,” रोहिदास म्हणाला. “बालदी टाकून हात घातलंय. खालचा म्हायत नाय. नाडी सोडू?”

नाही म्हण, असं तिच्या मनात आलं. अगदी स्वच्छ आलं. त्याच वेळी तिला आई दिसली, वहाणा न घालता वाळूतून पुलाकडे चालणारी. रोहिदासची बायको संचिता आणि दोन पोरं दिसली.

“एकच,” ती म्हणाली. “एक सोड आणि लगेच निघ.”

साडेआठला नाडी आली. साठ मीटरवर एकोणतीस अंश. गरम! खालपर्यंत गरम! टेहळ्याने आपले दोन हजार समुद्र पुन्हा चालवले. आठ मिनिटं गेली. आकडा आला.

अठ्ठेचाळीस.

“एका नाडीने काय होणार?” निर्मळे हळू आवाजात म्हणाले. “एवढ्या समुद्रात एक टिंब. गरम पाण्याचा छोटासा भोवरासुद्धा असू शकतो. पट्टा किती रुंद आहे ते कळायला हवं.”

ते बरोबर वाटलं. त्या वेळी सगळ्यांनाच बरोबर वाटलं.

“किती झाले?” रोहिदासने विचारलं.

“तेवढेच.”

“गरम असान पण?”

“एक नाडी कमी पडतेय बहुतेक. तू निघ आता, रोहिदास. अर्धा तास गेला.”

मग तो म्हणाला, “जरा नैऋत्येक सरकान आणखी एक सोडतंय. तासभर हाताशी आसा म्हटलंस मां? अर्धोच गेलो.”

“तो तास तुझ्यासाठी ठेवलाय मी!”

“माजोच आसा तर मी खर्च करतंय.”

पुढे कित्येक दिवस ती या क्षणाकडे परत परत आली. तिला ओरडता आलं असतं, शपथ घालता आली असती, आईला वायरलेसवर उभं करता आलं असतं. तिने फक्त घड्याळाकडे बघितलं. बहिणीला भाऊ परत हवा होता, आणि केंद्रातल्या वृषाली सारंगला आणखी एक नाडी हवी होती. दोघींपैकी एकीनेही तोंड उघडलं नाही.

नऊला दुसरी नाडी आली. पाणी पहिल्याइतकंच गरम. आकडा अठ्ठेचाळीस.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. संचिता.

“वन्सं, हे निघाले काय?”

“निघतोय.”

“निघतोय म्हणजे? अजून थयच आसत? बंदरावरच्या सगळ्या होड्यो इल्यो. आई सकाळपासून दारात बसली हा.”

“संचिता, तुम्ही सामान बांधून ठेवा. आई, पोरं, महत्त्वाचे कागद.”

“हलवतले आमका?”

“माहीत नाही अजून.”

“तुका म्हायत नाय तर कोणाक म्हायत?” संचिता रागाने नव्हे, खरोखरच विचारत होती. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला की गोठ्यातली माणसं जशी एकमेकांकडे बघतात, तसं त्या खोलीत सगळे पडद्याकडे बघत होते.

रोहिदासने तिसरी नाडी न विचारता सोडली. या वेळी वृषाली खरंच ओरडली. “परत ये! मी सांगतेय, परत ये! तुझा वेळ संपला!”

“गे बाय,” तो म्हणाला. आवाजात चेष्टा नव्हती. “दर्यात आता मी एकटोच आसंय मां?”

“हो.”

“मगे मी गेलंय तर तुका सांगतलो कोण?”

साडेनऊला तिसरी आली. आकडा अठ्ठेचाळीस.

आणि इथे वृषालीला पहिल्यांदा खटकलं. गरम पाण्याच्या तीन नाड्या. त्या कमी पडतील, मान्य. पण आकडा हलायला तरी हवा होता. एक टक्का, दोन टक्के. चिमूटभर मीठ टाकलं तरी आमटीची चव बदलते. हा आकडा तर जणू काही घडलंच नाही असा बसून होता.

तिने टेहळ्याच्या आतली नोंदवही उघडली. कोणी रोज उघडत नसे ती. हजारो ओळी असायच्या. ‘रवळनाथ प्रसाद’ शोधलं. तीन ओळी होत्या, तिन्ही एकसारख्या.

नाकारले. शेजारी नाही.

तिने तिन्ही ओळींच्या वेळा ताडून बघितल्या: साडेआठ, नऊ, साडेनऊ.

हा नियम तिचा होता. सुरुवातीच्या वर्षात नाड्या फसवायच्या. कोणाची दोरी इंजिनच्या गरम पाण्यात लोंबायची, कोणी चक्री उन्हात ठेवून द्यायचं, आणि समुद्रात मधेच उकळतं पाणी दिसायचं. मग तिने साधा उपाय केला होता: एखाद्या होडीने चमत्कारिक आकडा दिला, तर आसपासच्या होड्यांना विचारायचं. शेजाऱ्यांनी दुजोरा दिला तर खरं, नाही दिला तर फेकून द्यायचं. आणि शेजारी कोणीच नसेल तर? तेव्हा भर समुद्रात प्रत्येक होडीला वीस-वीस शेजारी असायचे. तिने विचार न करता लिहून टाकलं होतं: नाकारा. तो प्रसंग इतका क्वचित यायचा, की पुढे त्याची सूचना पडद्यावरून काढूनही टाकली होती.

टेहळ्याने रोहिदासचं एक अक्षरही ऐकलं नव्हतं.

“सर,” ती म्हणाली. “त्याच्या नाड्या आत गेल्याच नाहीत.”

निर्मळे उठून आले, त्यांनी ओळी वाचल्या आणि चष्मा काढला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे वळसा घालायला पाठवलेला माणूस वादळाच्या तोंडात होता. नियम बाजूला ठेवायला दोघांच्या परवानगीचे आकडे लागत. त्यांनी आपला टाकला, तिने आपला. घाईत त्यांचा एकदा चुकला आणि पुन्हा टाकावा लागला.

टेहळ्या चालू झाला. आठ मिनिटं.

त्या आठ मिनिटांत वृषाली वायरलेसला चिकटून होती. “रोहिदास, फिर मागे. लगेच. नाडी कापून टाक. काम झालं.”

“झाला?”

“झालं. फिर, बाबा, फिर.”

“चौथी खाली आसा. ओढून घेतंय.”

“कापून टाक म्हणते ना!”

“सरकारी वस्तू ती. तूच माका ओरडतलंस मगे.” तो हसला. मागचा वारा आता शीळ घालत होता. दहाला पाच मिनिटं असताना ठिपका वळला.

आकडा आला. एक्क्याऐंशी.

अकराच्या बैठकीची वाटही कोणी बघितली नाही. सव्वादहाला खारवण्याचा भोंगा वाजला. पावणेअकराला पुलावरून पहिली एसटी बाहेर पडली. खोलीत तरुण तंत्रज्ञांपैकी एकाने टाळी वाजवायला हात उचलले आणि वृषालीचा चेहरा बघून खाली घेतले.

दुपारभर तिला करण्यासारखं काही नव्हतं. अंदाज सुटला होता, गाव हलत होतं. तिने एक गोष्ट केली. करायला नको होती, पण हात ऐकेनात. टेहळ्याला एका कोपऱ्यात वेगळा चालवून तिने विचारलं: फक्त पहिली नाडी धरली असती तर?

शहात्तर टक्के.

साडेआठ वाजताच. ती नाडी ओढून तो वळला असता, तर साडेचारला खाडीत असता.

ती शांतपणे उठली, स्वच्छतागृहात गेली आणि नळ सोडून रडली. परत आली तेव्हा तीन वाजले होते. ठिपका किनाऱ्यापासून छत्तीस किलोमीटरवर होता. वादळ अंदाजाप्रमाणे वळलं होतं, आणि अंदाजापेक्षा थोडं लवकर पळत होतं. बोलणं चारला तुटलं. त्याचं शेवटचं नीट ऐकू आलेलं वाक्य होतं, “टोपी उडाली गे.”

पण केबिनवरची डबी चालू होती. नाडी सोडायला माणूस लागतो, हवेचा दाब मोजायला लागत नाही. दर पाच मिनिटांनी तिचा आकडा येत होता. नऊशे शहाण्णव. नऊशे चौऱ्याण्णव. तटरक्षक दलाने कळवलं, या समुद्रात जहाज काढता येत नाही, हेलिकॉप्टर तर नाहीच. नऊशे एक्क्याण्णव. निर्मळे तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. प्रत्येक आकडा आपोआप टेहळ्यात जात होता आणि उद्या पहाटेचा अंदाज आणखी नेमका करत होता. नियम बाजूला ठेवल्यामुळे आता टेहळ्या त्या एकट्या होडीचा शब्द झेलत होता. नऊशे अठ्ठ्याऐंशी. सहा वाजून दहा मिनिटांनी ठिपका किनाऱ्यापासून अकरा किलोमीटरवर होता.

सहा पंधराचा आकडा आला नाही. सहा वीसचाही नाही.

रुमान पहाटे पाचला चार मिनिटं कमी असताना खारवण्यावर आलं. सहाशे घरांपैकी एकशे नव्वद राहिली. गावात माणूस एकही गेला नाही. वर्तमानपत्रांनी टेहळ्याचे फोटो छापले. टेहळ्याला चेहरा नाही, म्हणून त्यांनी इमारतीचा छापला.

पाचव्या दिवशी शोध थांबवला. सहाव्या दिवशी वृषाली पुलापलीकडच्या हायस्कुलात गेली, जिथे गाव राहत होतं. सातवीच्या वर्गात बाकं भिंतीला लावून आईला निजवलं होतं. आई जागी होती, भिंतीकडे तोंड करून. उशाशी चार दिवसांची वर्तमानपत्रं वाचून नीट घडी घालून ठेवलेली. संचिता तिला घेऊन व्हरांड्यात आली. दोघी पायरीवर बसल्या. खालच्या मैदानात संचिताची पोरं इतर पोरांबरोबर खेळत होती.

“वन्सं, गावातली माणसां माका येवन सांगतत,” संचिता म्हणाली. “चार नाड्यो सोडल्यान म्हणान आमी वाचलो. चार वेळा. थोरलो शाळेत सगळ्यांका बोटां दाखवन सांगता.”

वृषालीने मान खाली घातली. गाडीत बसल्यापासून तिने ठरवलं होतं की बोलायचं नाही. पण संचिताचा हात तिच्या गुडघ्यावर आला, आणि तिला राहवेना.

“पहिलीच पुरली असती, संचिता.”

“म्हणजे?”

तिने सगळं सांगितलं. शेजाऱ्यांचा नियम, तीन ओळी, शहात्तरचा आकडा. कुठे काही लपवलं नाही, आणि नियम कोणी लिहिला तेही सांगितलं. संचिता ऐकत राहिली. गुडघ्यावरचा हात तिने काढून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

“साडेआठाक फिरले असते तर?”

“साडेचारला घरी.”

मैदानात चेंडू कौलावर गेला म्हणून पोरं भांडत होती.

“ह्यां तू सरकाराक लिवन देतलंस?”

“द्यावं लागेल. नाही लिहिलं तर नियम तसाच राहील. पुढच्या वादळात परत कोणीतरी एकटा असेल आणि यंत्र परत त्याचं ऐकणार नाही.”

संचिताने पदराने तोंड पुसलं. उठली, दोन पायऱ्या चढली, आणि वळली.

“मगे लिव,” ती म्हणाली. “पण इंग्लिशीत लिव. आयेक मराठी वाचूक येता.”